साडूच्या सात गोगलगाई आणि माझे चाळीस खेकडे

हे बघा, आधी चहा संपवा. घोट तोंडात असताना ऐकलंत तर ठसका लागेल आणि दोष माझ्यावर येईल. माझ्या हातून आयुष्यात जो सगळ्यात मोठा गाढवपणा झाला, तो आमच्या बेटावरच्या कांप दे मास्क गावात गणपती जवळ आले की अजून कुणी ना कुणी उकरून काढतंच. म्हटलं, लोकांकडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. निदान खेकड्यांचा आकडा तरी खरा कळेल. लोक शंभर सांगतात. चाळीस होते हो! मी स्वतः मोजून आणले होते.

गोष्ट ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी भाजी पिकवणारा माणूस. वांगी, मिरची, टोमॅटो, आणि कडेला थोडा ऊस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण मला एक साडू होता. आहे अजून.

तुम्हाला साडू आहे? नसेल तर देवाचे आभार माना. सख्खा भाऊ पुढे गेला तर आपण चारचौघांत मिरवतो. साडू पुढे गेला की रोज जेवायला बसल्यावर कळतं. भाजी वाढता वाढता बायको म्हणते, "लीलाकडे म्हणे फ्रिज आला." संपलं! ती भाजी काही घशाखाली उतरत नाही.

तर हा गोविंद. माझ्या बायकोच्या, शांताच्या, धाकट्या बहिणीचा, लीलाचा, नवरा. राहायला तेर रूजला. कामाला समुद्रकाठच्या एका हॉटेलात, पंपांचा मिस्त्री. वयाने माझ्याहून लहान, मला दादा म्हणायचा, कधी उलटून बोलायचा नाही. हाच तर त्रास! उलट बोलला असता तर भांडून मोकळा झालो असतो. चांगल्या माणसावर जळण्याइतकं अवघड काम दुसरं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे होती, ती त्याच्याकडे नव्हती. दर रविवारी आमचे सासरे, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो, रिव्हिएर दू रांपारहून बस पकडून आमच्याकडे यायचे. दिवसभर राहायचे. माझे वडील मी लहान असतानाच गेले. वांग्याला पाणी कधी द्यायचं आणि कधी तोडायचं हे मला बाबांनी शिकवलं. व्हरांड्यात ते बसलेत आणि मी खाली पायरीवर मिरच्या निवडतोय, एवढंच असायचं आमचं. फार बोलणंही नसायचं. पण रविवारी बाबा माझ्याकडे येतात, गोविंदाकडे नाही, हे मी आठवडाभर चघळत असे.

आणि तेव्हा सगळ्याच बाबतीत मी पुढे होतो बरं का. नातेवाइकांत पहिला सोफासेट माझ्या घरात आला. लाल रेक्झिनचा, वर प्लॅस्टिकचं कव्हर. ते कव्हर आजतागायत काढलेलं नाही. सोफा आला म्हणून व्हरांड्यातला जुना पसारा काढला. मोडका स्टूल, वेताची खुर्ची, गंजलेला कंदील. गोविंद हॉटेलची व्हॅन घेऊन आला होता, त्याला म्हटलं, ने रे, चुलीत घालायला होईल. तो आनंदाने घेऊन गेला. माझी अडगळ त्याच्या घरात शोभा! मी आठ दिवस खुशीत होतो.

नवव्या दिवशी रविवार होता. बाबा आले नाहीत.

पुढच्या रविवारी पण नाहीत. तिसऱ्या रविवारी एका बारशाला लीला भेटली. मेव्हणीच ती, भरभरून बोलली. "भावजी, यांनी घरात समुद्र आणलाय! काचेची टाकी, खारं पाणी, मासे, प्रवाळ! बाबा तर त्याच्यासमोरून हलत नाहीत. सकाळी बसतात ते थेट दुपारी जेवायलाच उठतात."

आता काय सांगू, मला बारशाचा पेढा कडू लागला.

त्याच्या पुढच्या रविवारी शांताला म्हटलं, चल, तेर रूजला जाऊन येऊ. सहज. शांताने माझ्याकडे पाहिलं. सहज म्हणून मी दोन बस बदलत नाही हे तिला ठाऊक.

गेलो. आणि खरं सांगतो, ती टाकी पाहून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजपर्यंत पुरतं थांबलेलं नाही. पाणी असं की आहे की नाही कळू नये. निळा दिवा. केशरी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे. दगडांवर प्रवाळ हळूहळू डुलतंय. आणि बाबा त्यासमोर पाय पसरून बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. ध्यानच लागलं होतं म्हणा ना!

"बाबा, मी लक्ष्मण," मी म्हणालो.

"व्हय? बस," ते म्हणाले आणि पुन्हा ध्यान.

बसने परत येताना मी शांताला सांगून टाकलं. "मी पण टाकी करणार. याच्या दीडपट."

"कशाला?"

"हौस."

"आयो, हौस!" शांता म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

फ्लाकच्या काचवाल्याकडून टाकी करून घेतली. दीडपट नाही, दुप्पट. दगड, प्रवाळ आणि चार मासे बेल मारच्या किनाऱ्यावरच्या एका ओळखीच्या कोळ्याने दिले. राहिलं पाणी. ते डब्यांत भरून बसने आणलं. सहा खेपा! प्रत्येक खेपेला कंडक्टर तोच.

"की एते सा?" त्याने विचारलं. काय आहे हे?

"समुद्राचं पाणी."

"सगळं?"

"नाही, थोडं तिथे ठेवलंय."

शेवटच्या खेपेला तो म्हणाला, "मो फ्रेर, माझ्या भावा, तुझ्या घरी समुद्र न्यायचा असेल तर नेऊ आपण. पण लाटा बसमध्ये चालणार नाहीत!" अख्खी बस हसली. मला काय त्याचं? माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझ्या टाकीपुढे पाय पसरून बसलेले बाबा होते.

टाकी लागली. पाणी निवळलं. आठ दिवस अशी दिसली म्हणून सांगू! मग माझ्यातला शेतकरी जागा झाला.

झालं काय, गोविंदाने सांगितलं होतं, "दादा, प्रवाळाला काही घालायचं नाही. उजेड आणि स्वच्छ पाणी, बास." मी मनात म्हटलं, हो का? वांग्याला खत लागतं, उसाला खत लागतं, देवाच्या दारातल्या तुळशीला शेण लागतं, आणि याच्या प्रवाळाला काही नको? हा मुद्दाम लपवतोय! माझं प्रवाळ याच्याहून वाढू नये म्हणून!

घरात उसाच्या खताचं पोतं होतंच. चिमूटभर घातलं. अगदी आमटीत मीठ घालतो तेवढंच. दर दोन दिवसांनी चिमूटभर. शांताला सांगितलं नाही. खत पोत्यातलं मी लपवून काढायचो, आपल्याच घरात, चोरासारखा!

आणि वाढलं हो! भराभरा वाढलं! फक्त प्रवाळ नाही वाढलं.

आधी काचेवर तपकिरी पूड बसली. मग हिरवं आलं. मग दगडांना दाढ्या फुटल्या. हाताच्या बोटाएवढ्या लांब हिरव्या दाढ्या, आणि त्यातून माझे चार मासे तोंड काढून बघायचे, उसातून वाट चुकलेल्या माणसासारखे. सकाळी काच पुसावी, संध्याकाळी परत हिरवी. इतकं पीक माझ्या शेतात कधी आलं नाही!

आणि गणपती पंधरा दिवसांवर. सगळं सासर आरतीला यायचं. बाबा यायचे.

नाक मुठीत धरून गोविंदाकडे गेलो. तो बिचारा सगळी कामं सोडून टाकीपुढे बसला आणि समजावून सांगू लागला.

"दादा, शेवाळ म्हणजे पाण्यात जास्तीचं खाणं झालंय. माशांना कमी खायला घाला. थोडं थोडं पाणी बदला. आणि हे बघा माझे झाडूवाले." त्याने काचेवर बोट ठेवलं. करड्या रंगाच्या, बटणाएवढ्या गोगलगाई काच चाटत निवांत चालल्या होत्या. "ओहोटीला खडकांवर मिळतात. सात पुरेत. आणि हे शंखातले बारके खेकडे, दोन-तीन. ते दगडांच्या फटी साफ करतात. पण पाण्यातल्या डबक्यांतलेच घ्या हं. वाळूवर फिरतात ते घेऊ नका."

"का?"

"ते जमिनीवरचे. पाण्यात राहत नाहीत."

मी मान डोलावली. पण आतून काय चाललं होतं? सात म्हणतोय म्हणजे खऱ्या सत्तर असणार! मला सात सांगून स्वतः मागे कुठे लपवल्या असतील. आणि वाळूवरचे नको म्हणतोय? अस्सं! म्हणजे कामाचे तेच!

हसू नका. जळणाऱ्या माणसाला कुणी खरा रस्ता दाखवला तरी तो आधी उलट्या बाजूला जाऊन येतो.

सत्तर गोगलगाई आणल्या. ओहोटीच्या वेळी बेल मारच्या खडकांवर ओणवा होऊन वेचल्या, जसं काही मिरच्यांची तोडणी चाललीय. टाकीत सोडल्या. आणि अहो, चार दिवसांत काच लख्ख! दगडांच्या दाढ्या साफ! गुळगुळीत हजामत! मी आनंदाने खताची चिमूट जरा मोठी केली. म्हटलं, आता शेवाळ नाही, सगळं खत प्रवाळालाच लागेल.

मग काचेवरचं हिरवं पाण्यात आलं. सगळं पाणीच हिरवं झालं, वाटाण्याच्या आमटीसारखं. मासे दिसेनात. प्रवाळ दिसेना. गोगलगाई पाणी चाटत नाहीत, त्यांना काच लागते. त्या काच चाटून चाटून लख्ख ठेवत होत्या, म्हणजे आतलं हिरवं आणखी नीट दिसावं!

गणपतीच्या आदल्या दिवशी मी शेवटचा उपाय केला. वाळूवरचे खेकडे. सुपारीएवढे शंख पाठीवर घेऊन चालणारे, जांभळ्या नांग्यांचे, चांगले धष्टपुष्ट. डबाभर आणले. चाळीस. टाकीत ओतले आणि वर फळी ठेवली. ते सगळे तडक वरच्या दगडावर चढून पाण्याबाहेर डोकी काढून बसले. मला वाटलं, प्रवासाने दमलेत.

सकाळी बघितलं तर दगडावर एकही नाही. मी खूश! "लागले कामाला," शांताला म्हटलं. "खाली तळाशी गेलेत. संध्याकाळपर्यंत पाणी बघ कसं होतं ते."

फळी एका बाजूने सरकली होती, आणि पंपाची नळी तिथूनच बाहेर येत होती. पण ते कुणी बघायचं? मी तर गणपती बसवण्यात गढलेलो.

आणि गणपती कुठे बसवला? टाकीला अगदी खेटून. का? तर दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाची नजर टाकीवर पडलीच पाहिजे! शांता म्हणाली, "देवाशेजारी ही हिरवी घाण?" मी म्हटलं, "ती घाण नाही, निसर्ग आहे." केळीची पानं बांधली, झेंडूच्या माळा सोडल्या. ती पंपाची नळी माळांच्या मागून थेट नैवेद्याच्या टेबलावर उतरत होती. आता आठवलं की मीच कपाळावर हात मारून घेतो.

दहा वाजता सगळे जमले. बाबा पण आले. सहा महिन्यांनी माझ्या घरात! चौकट चाचपत आत आले, टाकीपुढे क्षणभर थांबले. माझा जीव मुठीत.

"हं," ते म्हणाले. "हिरवा दिसतोय." आणि सोफ्यावर जाऊन बसले. प्लॅस्टिक कुरकुरलं. माझ्या काळजाचंच कुरकुरलं म्हणा!

गोविंद आणि लीला यायचे होते. त्याची सकाळची पाळी. मी म्हटलं, थांबायचं नाही, करा आरती सुरू. झांजा वाजू लागल्या, टाळ्या धरल्या. दुसरं कडवं चालू असताना पुढे उभ्या असलेल्या शेजारच्या भागीकाकी एकदम ओरडल्या, "गेत सा! अरे बघा! मोदक!"

एकवीस तळणीच्या मोदकांचं ताट होतं. त्यातला काठावरचा एक मोदक हलत होता. थांबला. पुन्हा हलला. दूर्वांच्या जुडीआडून तो ताटाबाहेर उतरला आणि केळीच्या पानावरून सावकाश, अगदी सावकाश, देवाच्या पायांकडे निघाला.

झांजा बंद.

"देवानं नैवेद्य घेतला!" भागीकाकींनी जमिनीवर डोकं टेकलं. त्यांच्यामागे सगळ्यांनी टेकलं. तेवढ्यात दुसरा मोदक हलला. मग तिसरा!

"काय झालं? काय झालं?" बाबा सोफ्यावरून विचारत होते. कुणीतरी सांगितलं. बाबा उठले, चाचपडत माझ्यापाशी आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लक्षुमण, तुझ्या घरात देव हाय रं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, खरंच आलं. आणि त्याच वेळी मनात काय आलं? माझ्याच घरी! गोविंदाच्या घरी नाही! घे म्हणावं, ठेव तुझे मासे!

बातमी बघता बघता गल्लीत पसरली. लोक आपापली आरती अर्धी सोडून आले. दारात चपलांचा ढीग. झाकरी नाचणारी पोरं ढोलकी घेऊन आली आणि अंगणातच सुरू झाली. एका बाईने माझ्या पाया पडायला सुरुवात केली, आणि मी, निर्लज्ज माणूस, पडू दिलं! वर विचारलं कुणी, "काका, काही विशेष पूजा करता का?" तर मी म्हणालो, "रोज पहाटे चारला उठतो." रोज पहाटे चारला माझं घर फक्त माझ्या घोरण्याने जागं असतं.

अशा गर्दीत गोविंद आला. हॉटेलचा गणवेश अंगावर, हातात फुलं. दारातच लोकांनी त्याला चमत्कार सांगितला. त्याने टाकीकडे बघितलं. सरकलेल्या फळीकडे बघितलं. नळीवरून त्याची नजर हळूहळू खाली टेबलापर्यंत आली. मग माझ्याकडे बघितलं. देवापुढे वाकला, नमस्कार केला, आणि उठता उठता हळूच हात पुढे करून फिरणारा मोदकच मुठीत घेतला. मग दुसरा.

मी पाहिलं. आणि माझं डोकं फिरलं. जळतोय! माझ्या घरचा चमत्कार याला बघवत नाही! माझे मोदक चोरतोय!

"ए! देवाच्या ताटाला हात लावतोस?" मी ओरडलो.

"दादा, हळू," तो कुजबुजला. "मागे या जरा. मी काढतो सगळे. कुणाला कळणार नाही."

"काय कळणार नाही? उघड मूठ! सगळ्यांसमोर उघड!"

"दादा, ऐका माझं."

"उघड म्हणतो ना!" मी त्याचं मनगट धरून पिळलं. मूठ उघडली. मोदक खाली पडला, फुटला, आणि खालून पोखरून आत शिरलेला, खोबऱ्याला दोन्ही नांग्यांनी मिठी मारून बसलेला एक धष्टपुष्ट खेकडा सगळ्या गावासमोर उताणा पडला. दुसरा माझ्या अंगठ्याला लोंबत होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अहो, तो माझी अब्रू झाकत होता, आणि मीच जोर लावून उघडी केली!

मग टेबलावरचं कापड भागीकाकींनी उचललं. खाली बावीस निघाले. सोफ्याखाली नऊ. एक जण झेंडूची पाकळी खात मखरावर बसला होता. आणि टाकीत शेवटचे तीन-चार अजून नळीवर चढत होते, एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन. लहानपणापासून ऐकत आलो, मराठी माणूस म्हणजे टोपलीतला खेकडा, दुसऱ्याला वर जाऊ देत नाही. हे तर एकमेकांना वर चढवत होते! माझ्यापेक्षा बरे म्हणायचे.

मग बाबांनी विचारलं, "आता काय झालं?"

"खेकडे, बाबा," लीला म्हणाली. "भावजींचे खेकडे मोदक नेत होते."

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "असू दे. गणपतीचा उंदीर रजेवर असंल."

झालं! हसता हसता लोक भिंतींना टेकले. ढोलकीवाला अंगणात लोळला. ज्या बाईने माझे पाय धरले होते ती तर पायांकडे बोट दाखवून हसत होती. भागीकाकी तेवढ्या म्हणाल्या, "देवानं कुणाच्या तोंडून खावं हे आपण कोण सांगणार?" आणि माझ्या अंगठ्याला हळद लावली. शांताने दुसऱ्या नैवेद्यासाठी पीठ मळायला घेतलं. आणि मळता मळता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गोविंदाला म्हणाली, "आणि हो, त्या पाण्यात हे दोन महिने उसाचं खत घालतायत. मला वाटतं यांना कळत नाही की मला कळतं."

गोविंद हसला नाही. खरं सांगतो, तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने बादली मागितली, हात घालून हिरव्या पाण्यातून माझे चारही मासे काढले आणि म्हणाला, "दादा, मी सांभाळतो. टाकी नीट झाली की परत आणून देईन." इतका चांगला वागला तो, इतका चांगला, की मला पुन्हा त्याचा राग आला.

जेवणं झाली. लोक पांगले. दुपारी बाबा एकटेच व्हरांड्यात उभे होते, काहीतरी शोधत असल्यासारखे. मी गेलो आणि पायरीवर बसलो. सांगून टाकलं.

"बाबा, तुम्ही रविवारी यावं म्हणून केलं हे सगळं. तुम्ही गोविंदाच्या माशांपुढे चार-चार तास बसता. म्हटलं, माझ्याकडे पण मासे असले तर..."

"मासे?" बाबा म्हणाले. "कंचे मासे?"

"त्याच्या टाकीतले. ती निळी पेटी, तुमच्यासमोर असते ती."

"त्यो टीव्ही?"

मी पायरीवरून उठलोच.

"टीव्ही न्हाय त्यो?" बाबा म्हणाले. "मला मोतीबिंदू झालाय, लक्षुमण. दोन वर्सं झाली. निळं कायतरी हलतं एवढंच दिसतं. मला वाटायचं, पोरानं हौसेनं टीव्ही घेतला अन् त्याचं चित्र काय नीट येत न्हाय. त्याला वाईट वाटू नये म्हणून म्या बगत बसायचो." मग जरा थांबून, माझा खांदा थोपटून, अगदी मायेनं म्हणाले, "तुझा टीव्ही तर पारच बिघडलाय. पार हिरवा."

"पण मग," मी विचारलं, "मग तुम्ही तिकडे का जाता?"

बाबांनी व्हरांड्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे हात केला. "माझी खुर्ची तिकडं गेली ना. ती वेताची. पाठ फक्त तिच्यात टेकते माझी. तुझ्या त्या सोफ्यावर बसलो की घामानं चिकटतो अन् उठताना चामडी निघते."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! सहा खेपा समुद्राचं पाणी, सत्तर गोगलगाई, चाळीस खेकडे, आणि पाहिजे होतं काय? मी ज्याला चुलीत घालायला दिलं होतं ते लाकूड!

दुसऱ्याच दिवशी तेर रूजला गेलो. गोविंदाने काही न विचारता खुर्ची व्हॅनमध्ये घातली. तिला त्याने नवीन वेत विणून घेतला होता. अर्थातच!

तेव्हापासून दर रविवारी बाबा माझ्याकडे. पाठ टेकून, पाय पसरून, दुपारी दोनपर्यंत घोरत. टाकीत मी पुढे पावसाचं पाणी भरलं आणि मिरचीची रोपं भिजवली. मासे गोविंदाकडेच राहिले, त्यांना पिल्लंही झाली म्हणे.

आणि मी? मी प्लॅस्टिकच्या सोफ्यावर, पाठ चिकटवून, त्या खुर्चीकडे बघत बसतो. काय झोप लागते हो म्हाताऱ्याला त्यात! काय वारा येतो तिथे! खोटं कशाला बोलू, साडूवर जळणं आता पुष्कळ कमी झालंय. आता मी सासऱ्यांवर जळतो.